हवामान प्रकल्पाचे सहलाभ कसे मोजायचे: आंतरराष्ट्रीय भागीदारीत टिकणाऱ्या आकड्यांसाठी मार्गदर्शक

१९८७ साली माँट्रियलमध्ये देश एकत्र आले ते ओझोनच्या थरासाठी. तापमानवाढ हा त्या कराराचा विषय नव्हता. पण ज्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर त्यांनी लगाम घातला, ते वायू उष्णताही प्रचंड अडवून धरतात. त्यामुळे ओझोनसाठी केलेल्या करारातून हवामानाचा मोठा फायदा आपसूक पदरात पडला. पुढे २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच करारात एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन, फ्रिज-एसीत वापरले जाणारे) वायूही आणले. ती पूर्ण अमलात आली, तर शतकाअखेरपर्यंत अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते, असा अंदाज आहे.

एका हेतूने केलेल्या कामातून दुसऱ्या क्षेत्रात होणारा असा फायदा म्हणजे सहलाभ. आज आंतरराष्ट्रीय निधीसाठीच्या जवळपास प्रत्येक प्रस्तावात सहलाभाचा रकाना असतो. दुर्दैवाने तो बहुतेकदा सगळ्यात शेवटी, घाईघाईत भरला जातो. ‘हवेची गुणवत्ता सुधारेल, रोजगार वाढेल, महिलांचे सक्षमीकरण होईल.’ या वाक्यात खोटं काहीच नाही, पण मोजता येईल असंही काही नाही.

हा लेख तो रकाना भरणाऱ्यांसाठी आहे. माझ्या मते सहलाभाच्या आकड्याची पत दोनच प्रश्नांवर ठरते. प्रकल्प झाला नसता तर काय झालं असतं, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवलं होतं का? आणि हा आकडा नेमका कोणाच्या खात्यात जाणार, हे ठरलं होतं का? बाकीची पद्धत या दोन प्रश्नांभोवती फिरते.

पायरी १: मोजणीची दिशा ठरवा

सहलाभ दोन उलट दिशांनी मोजले जातात आणि एकाच बैठकीतली दोन माणसं दोन वेगळ्या दिशांबद्दल बोलत असतात. हवामान बदलावरील आंतरसरकारी समिती, म्हणजे आयपीसीसी, आणि आरोग्य क्षेत्रातले लोक उत्सर्जन कमी करण्याच्या कामापासून सुरुवात करतात आणि त्यातून आरोग्य, रोजगार किंवा पाणी यांना काय मिळालं ते पाहतात. विकास बँका नेमकी उलटी सुरुवात करतात. प्रकल्प रस्त्याचा, शाळेचा किंवा सिंचनाचा असतो, आणि त्यातला किती हिस्सा हवामानाच्या कामी आला, हे त्यांना हवं असतं.

दुसऱ्या दिशेने जात असाल तर संपूर्ण प्रकल्प ‘हवामानाचा’ म्हणून दाखवू नका. बहुपक्षीय विकास बँकांची संयुक्त पद्धत अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांच्या, बाबतीत तीन गोष्टी मागते: त्या जागी हवामानाचा नेमका धोका कोणता, तो कमी करण्याचा हेतू प्रकल्पाच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिला आहे का, आणि कोणतं काम त्या धोक्याला थेट उत्तर देतं. मग फक्त त्या कामाचा खर्च मोजला जातो. पूल बांधायला शंभर रुपये लागत असतील आणि पुराच्या वाढत्या पातळीमुळे तो उंच करायला बारा रुपये जास्त लागत असतील, तर हवामानाच्या खात्यात बारा जातात.

ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेत देणगीदार देश वापरतात ती पद्धत याहून ढोबळ आहे. तिला रिओ मार्कर म्हणतात. हवामान हा मुख्य हेतू असेल तर २, महत्त्वाचा पण दुय्यम असेल तर १, नसेल तर ०. दुय्यम हेतूच्या प्रकल्पातली किती रक्कम धरायची, हे मात्र प्रत्येक देणगीदार आपापलं ठरवतो. युरोपीय संघ ४० टक्के धरतो. त्यामुळे एकच प्रकल्प दोन अहवालांत दोन आकाराचा दिसतो. तुमच्या निधीदाराचा नियम पहिल्याच आठवड्यात लेखी मागून घ्या.

पायरी २: भागीदारीचा मार्ग कोणता, ते पाहा

पॅरिस कराराच्या कलम ६ मध्ये सहकार्याचे तीन रस्ते आहेत. ६.२ खाली दोन देश थेट करार करतात आणि एका देशात कमी झालेलं उत्सर्जन दुसऱ्याच्या खात्यात जातं. ६.४ ही संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालची कार्बन क्रेडिटची (टाळलेल्या प्रत्येक टन उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्राची) यंत्रणा आहे. तिथल्या क्रेडिटचा ५ टक्के हिस्सा अनुकूलन निधीसाठी काढला जातो आणि आणखी किमान २ टक्के कायमचे रद्द होतात. ६.८ मध्ये क्रेडिटची खरेदी-विक्री नाही, फक्त सहकार्य. याखेरीज हरित हवामान निधी, विकास बँका आणि थेट द्विपक्षीय मदत आहेच.

प्रत्येकाची सहलाभाबद्दलची अपेक्षा वेगळी आहे. ६.४ मध्ये शाश्वत विकासाचं साधन, म्हणजे परिणाम तपासण्याचा ठरावीक नमुना, भरणं बंधनकारक आहे आणि त्यात संभाव्य नुकसानही तपासावं लागतं. पॅरिसच्या आधीच्या क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेत असं साधन २०१२ नंतर होतं, पण ऐच्छिक. हरित हवामान निधीच्या सहा निकषांत ‘शाश्वत विकासाची क्षमता’ हा स्वतंत्र निकष आहे. त्यात पर्यावरणीय, सामाजिक, आर्थिक आणि स्त्री-पुरुष समानतेचे सहलाभ मांडावे लागतात. स्वेच्छा बाजारात, म्हणजे कंपन्या स्वतःहून क्रेडिट घेतात तिथे, गोल्ड स्टँडर्ड हे प्रमाणन मानक हवामानासह किमान तीन शाश्वत विकास ध्येयांना हातभार दाखवायला सांगतं.

इथे एक पेच आहे आणि तो सहसा उघड बोलला जात नाही. सहलाभ फार मोठे दाखवले, तर निधीदार विचारू शकतो: एवढा फायदा आहे तर हे काम तुम्ही आमच्या पैशाशिवायही केलंच असतं, नाही का? क्रेडिटच्या दुनियेत याला अतिरिक्ततेचा प्रश्न म्हणतात. यावर सहलाभ लपवणं हा उपाय नव्हे. फायदा असूनही काम अडलं कशामुळे, ते दाखवा: फायदा रुग्णालयाच्या खात्यात पडतो आणि खर्च परिवहन खात्याच्या, कर्ज महाग आहे, तंत्र नवं आहे. हा परिच्छेद प्रस्तावातला सगळ्यात उपयोगी परिच्छेद ठरतो.

पायरी ३: परिणामांची यादी करा, वाईट परिणामांसह

आधी सगळं लिहा, मग छाटा. मोजायला तीन-चार सहलाभ पुरे. निवडताना प्रत्येकाला एक एकक द्या. एकक सुचत नसेल तर तो सहलाभ मोजणीतून काढून वर्णनात टाका. ‘रोजगार’ हे एकक नाही. ‘एका व्यक्तीचं एक वर्षाचं पूर्णवेळ काम’ हे आहे, आणि त्यातही बंद पडणाऱ्या जुन्या कामाची वजाबाकी करावी लागते. ‘महिलांचा वेळ’ चालेल, जर सुरुवातीला घरोघरी वेळेची नोंद घेतली असेल.

वाईट परिणाम का लिहायचे? कारण ते लिहिले नाहीत तर दुसरं कोणीतरी लिहितं. युरोपात कार्बन कमी म्हणून डिझेल मोटारींना वर्षानुवर्षं उत्तेजन मिळालं आणि शहरांच्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइडचा प्रश्न चिघळला. उलट बाजूने, २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली. किनाऱ्यावरच्या फुप्फुसांसाठी हे उत्तम झालं, पण गंधकाचे कण सूर्यप्रकाश परतवून जी थोडी थंडाई देत होते तीही घटली.

पायरी ४: ‘नाहीतर काय झालं असतं’ हे तारीख घालून लिहा

याला आधाररेषा म्हणतात. पुष्कळ जण आधाररेषा म्हणजे आजची स्थिती समजतात. पण आजची स्थिती तशीच राहिली नसती. जुनी वाहनं निवृत्त झाली असती, लोकांनी स्वतःहून गॅस घेतला असता, सरकारचा नवा नियम लागू झाला असता. म्हणून आधाररेषा ही वर्षागणिक बदलणारी रेषा हवी.

तीत चार गोष्टी असाव्यात: कोणती भौगोलिक आणि तांत्रिक सीमा धरली, प्रकल्पाविना पुढची दहा वर्षं कशी गेली असती, ते कशावरून ठरवलं, आणि कोणत्या घटनेने हा अंदाज बदलावा लागेल. शेवटची गोष्ट जवळपास कोणीच लिहीत नाही. लिहा, आणि दस्तऐवज भागीदारांना पाठवून पोच घ्या. काम सुरू झाल्यावर बदललेली आधाररेषा म्हणजे बाण मारून मग लक्ष्य रंगवण्यासारखं आहे.

हवेची मोजणी करायची असेल तर काम सुरू होण्याआधीचं किमान एक पूर्ण वर्ष हाताशी ठेवा. ऋतूनुसार धुळीचं आणि धुराचं प्रमाण इतकं बदलतं की दोन महिन्यांच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही.

पायरी ५: आधी कार्बनचं गणित, मग सहलाभाचं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शहर १०० डिझेल बसऐवजी विजेवरच्या बस आणतं. प्रत्येक बस वर्षाला ६०,००० किलोमीटर धावते, म्हणजे एकूण ६० लाख किलोमीटर. डिझेल बस लिटरला ३ किलोमीटर देते असं धरलं तर २० लाख लिटर डिझेल वाचतं. एक लिटर डिझेल जळून साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला ५,३६० टन.

विजेची बस किलोमीटरला १.२ युनिट घेते असं समजा: ७२ लाख युनिट. चार्जिंगमध्ये दहा टक्के वाया जाते असं धरलं तर वीजजाळ्यातून ८० लाख युनिट उचलावे लागतात. एका युनिटमागे ०.५ किलो उत्सर्जन असेल तर ४,००० टन. निव्वळ बचत १,३६० टन.

आता वीजजाळं बदलून पाहा. युनिटमागे ०.२ किलो असेल तर बचत ३,७६० टन होते. आणि कोळशावर चालणाऱ्या जाळ्यात, ०.७ किलो धरल्यास, उत्सर्जन २४० टनांनी वाढतं. त्याच बस, तेच मार्ग. बरोबरीचा बिंदू ०.६७ किलोवर येतो. म्हणूनच वीजजाळं दरवर्षी किती स्वच्छ होणार, याचा अंदाज आधाररेषेत लागतो आणि हिशेब दर वर्षाचा वेगळा मांडावा लागतो. एक पथ्य पाळा: डिझेलच्या शुद्धीकरणातलं उत्सर्जन धरणार असाल तर कोळशाच्या खाणीतलंही धरा. दोन्ही धरा, नाहीतर दोन्ही सोडा.

गंमत अशी की कार्बनचा आकडा नगण्य किंवा उणे असला तरी रस्त्यावरच्या धुरातली घट खरीच असते. अशा प्रकल्पात आरोग्याचा सहलाभ मुख्य लाभाहून भारी ठरू शकतो. पण तिथेही पायरी ४ विसरू नका. तिसऱ्या वर्षी त्या जुन्या बस जाऊन युरो ६ दर्जाच्या (धुरावर कडक मर्यादा घालणाऱ्या युरोपीय मानकाच्या) डिझेल बस येणारच असतील, तर त्यानंतर धुळीच्या कणांतली बचत बरीच आक्रसते.

विजेच्या बसचं हे उदाहरण नुसतं कागदावरचं नाही. पॅरिस करारानुसार दोन देशांमधला पहिला क्रेडिट व्यवहार बँकॉकमधल्या विजेवरच्या बसचाच होता. थायलंडने सुमारे १,९०० टनांची घट स्वित्झर्लंडच्या खात्यात दिली आणि २०२४ च्या सुरुवातीला ते जाहीर झालं.

पायरी ६: आरोग्याची साखळी जोडा

उत्सर्जन घटलं म्हणजे आरोग्य सुधारलं, असं थेट म्हणता येत नाही. मध्ये कड्या आहेत: उत्सर्जन, हवेतलं प्रमाण, माणसाच्या श्वासात जाणारं प्रमाण, आजार-मृत्यू. प्रत्येक कडीसाठी साधनं तयार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं एअरक्यू प्लस हवेतल्या प्रमाणावरून मृत्यू आणि आजार काढतं, हीट हे चालणं-सायकलिंगसाठी आहे, तर बार-हॅप घरातल्या चुलीच्या धुरासाठी. देशपातळीच्या नियोजनाला स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटचं लीप आणि सीमेपार जाणाऱ्या प्रदूषणाला ऑस्ट्रियातल्या आयआयएएसएचं गेन्स वापरलं जातं.

साधन कोणतंही असो, आतलं गणित हाताने एकदा करून पाहा. समजा प्रौढ लोकसंख्या १० लाख, वर्षाला हजारी ८ मृत्यू, म्हणजे ८,००० मृत्यू. पीएम २.५ चं (हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचं) वार्षिक प्रमाण घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅमने घटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांमागच्या आढाव्यानुसार दर १० मायक्रोग्रॅमला मृत्यूचा धोका १.०८ पट होतो. त्यावरून वर्षाला सुमारे ६१ अकाली मृत्यू टळतात. पण त्या गुणकाची विश्वासमर्यादा, म्हणजे खरं मूल्य ज्या टप्प्यात असण्याची दाट शक्यता आहे तो टप्पा, १.०६ ते १.०९ आहे, म्हणून खरं उत्तर ‘४६ ते ६९’ असं लिहायचं. नुसतं ६१ लिहिणारा अहवाल माझ्या हाती आला तर मी पुढची पानं संशयानेच वाचतो.

आणि लक्षात ठेवा, शंभर बसने एवढ्या मोठ्या शहराची हवा १ मायक्रोग्रॅमने सुधारत नाही. मोठा आकडा मिळवण्याचा मोह इथेच होतो. घट किती, हे हवेच्या प्रतिरूपातून (संगणकी मॉडेलमधून) किंवा मोजमाप केंद्रांवरून यायला हवं, मनाने धरायचं नाही.

पायरी ७: वाटप मोजू नका, वापर मोजा

घरगुती प्रकल्पांत हा खड्डा सगळ्यात खोल आहे. सुधारित चुली वाटल्या म्हणून जुन्या विझत नाहीत. घरं दोन्ही वापरतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने क्रेडिट मोजण्याच्या पाच पद्धतींखालच्या चूल प्रकल्पांचे नमुने तपासले, तेव्हा दिलेली क्रेडिट प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊ पट निघाली. वापराचे फुगवलेले अंदाज आणि जंगलावरच्या ताणाचे चढे आकडे ही त्यामागची मोठी कारणं.

आरोग्याचंही तसंच. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मे होत नाहीत, कारण धूर फार जास्त असतो तेव्हा थोड्या घटीने फरक कमी पडतो. मलावीत लाकडावरच्याच पण स्वच्छ जळणाऱ्या चुलींची मोठी चाचणी झाली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या न्यूमोनियात घट दिसली नाही. म्हणून चुलीवर तापमान नोंदवणारे छोटे संवेदक लावा, निदान काही घरांच्या नमुन्यात. प्रश्नावली घेणार असाल तर प्रकल्पाची माणसं पाठवू नका. ज्याने चूल दिली त्याला कोणी ‘वापरत नाही’ असं सांगत नाही.

पायरी ८: पैशात रूपांतर शेवटी, आणि गरज असेल तरच

नैसर्गिक एककांचा तक्ता आधी: टन, टळलेले मृत्यू, तास, हेक्टर. खर्च-लाभ विश्लेषण मागितलं असेल तर पुढे जा. तेव्हा सूटदर (भविष्यातल्या फायद्याचं आजचं मूल्य काढण्याचा दर) लिहा आणि तो बदलल्यास निकाल किती हलतो ते दाखवा. मृत्यूला पैशाचं मूल्य देताना श्रीमंत देशात एक आणि गरीब देशात दुसरा दर निघतो, हे अनेक देशांच्या संयुक्त प्रकल्पात झोंबतं. अशा वेळी पैशाचा आकडा बाजूला ठेवून मृत्यूंची संख्याच द्यावी, असं माझं मत आहे.

पायरी ९: आकडा कोणाचा, हे करारात लिहा

कार्बनचा टन एकदाच मोजता येतो. यजमान देशाने ६.२ खाली तो विकला, तर त्याला स्वतःच्या हिशेबात तेवढं उत्सर्जन पुन्हा वाढवून दाखवावं लागतं. याला अनुरूप समायोजन म्हणतात. सहलाभ मात्र विकले जात नाहीत. स्वच्छ हवा यजमानाच्याच माणसांकडे राहते. वाटाघाटींत यजमान देशाने हे स्वतः मांडलं पाहिजे, कारण स्वस्तातली सोपी घट विकून टाकल्यावर स्वतःच्या राष्ट्रीय लक्ष्यासाठी महाग कामंच उरतात. सहलाभ मोठे असलेला प्रकल्प विकायचा की स्वतःसाठी ठेवायचा, हा निर्णय पायरी ८ च्या तक्त्याकडे बघून घ्यायचा असतो.

सगळेच सहलाभ स्थानिक नसतात. मिथेनपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, पण मिथेन हवेत दशकभर टिकत असल्याने तो ओझोन जगभर पसरून वाढतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या मूल्यांकनानुसार माणसामुळे होणारं मिथेन उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवलं, तर जगात वर्षाला सुमारे २ लाख ६० हजार अकाली मृत्यू टळतील. ते टळणार कुठे, तर जिथे माणसं जास्त आणि आजार जास्त तिथे. गळकी पाइपलाइन दुरुस्त करणाऱ्या देशातच टळतील असं नाही. अशा सहलाभाला ‘जागतिक’ असा वेगळा रकाना द्या.

पैशाच्या बाजूनेही दुहेरी मोजणी होते. तीन निधीदारांनी मिळून एक लाख लोकांपर्यंत काम नेलं आणि तिघांनी एक-एक लाख लिहिले, की जगाच्या बेरजेत तीन लाख होतात. निधीच्या प्रमाणात वाटणी करा, आणि ती करारावर सही होतानाच ठरवा. नंतर कोणीच आपला आकडा सोडत नाही.

पायरी १०: पडताळणी आणि अहवाल

पॅरिस कराराच्या पारदर्शकता चौकटीत देशांना दर दोन वर्षांनी अहवाल द्यायचा असतो. पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. अनुकूलनाच्या कामातून आपसूक झालेली उत्सर्जनघट मोजायला कलम ४.७ ने जागा दिली आहे. तुमच्या प्रकल्पाचा आकडा त्या राष्ट्रीय अहवालात जायचा असेल, तर देशाच्या उत्सर्जनाची राष्ट्रीय सूची बनवणाऱ्यांशी एकके आणि गुणक जुळवून घ्या. तिथे मिथेनसाठी शंभर वर्षांचं २८ हे मूल्य चालतं, म्हणजे एक टन मिथेन २८ टन कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. जुन्या अहवालांत २१ किंवा २५ सापडेल. दोन वेगवेगळ्या मूल्यांनी काढलेले आकडे एकत्र बेरजेला लावू नका.

पडताळणी करणारा माणूस प्रकल्पाच्या पगारावर नसावा, आणि त्याला अंतिम अहवालाबरोबर मूळ गणनापत्रकही मिळावं. त्या पत्रकात प्रत्येक गृहीतकाला स्वतंत्र ओळ, त्यापुढे आधार आणि तारीख असू द्या. कोणतं गृहीतक बदललं की निकाल सर्वाधिक हलतो, ते वर आणा. वरच्या बसच्या उदाहरणात ती ओळ वीजजाळ्याची असेल आणि चुलीच्या प्रकल्पात प्रत्यक्ष वापराची. पडताळणीचा बहुतेक वेळ आणि पैसा त्या एका ओळीवर घालवा; बाकीच्या ओळी नमुना म्हणून तपासल्या तरी भागतं.